एक जुलैची पोरगी

कोसमटोल्यात एक जुलैला कोणी कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नाही, कारण देणाराही त्याच दिवशी जन्मलेला असतो. सरपंच एक जुलैचा, त्याची बायको एक जुलैची, आणि ज्याच्याशी सरपंचाचं शेताच्या धुऱ्यावरून वाकडं आहे तो सुकलूही एक जुलैचाच. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. जुने सोमाजी गुरुजी शाळेत नाव घालताना आईला विचारायचे, पोरगं कधीचं? एक सांगायची, मोहाची फुलं पडत होती तेव्हाचं. दुसरी सांगायची, धान कापणं चाललं होतं, मी बांधीतूनच घरी आले. आता मोह पडायची तारीख रजिस्टरात कशी लिहिणार? मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की वय भरलं, आणि वय भरलं की एक जुलै. असं करत करत त्यांनी अख्खं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं आणि स्वतः निवृत्त होऊन ब्रह्मपुरीला राहायला गेले.

असल्या तारखेचा अभिमान धरावा असं गावात कोणालाच वाटत नव्हतं. अपवाद फक्त चंचलचा.

चंचल म्हणजे बुधरी मडावीची एकुलती पोर, सातवीत शिकणारी. तिच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर बापाचा फोटो होता. नागभीडच्या स्टुडिओवाल्यानं आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून, मागे कुठलं तरी निळं तळं घालून तो बनवला होता. त्यामुळे देवाजी मडावी, जो आयुष्यात ब्रह्मपुरीच्या पलीकडे गेला नव्हता, तो मरणानंतर कुठल्या तरी थंड मुलखात उभा असलेला दिसे. फोटोखाली नाव होतं, आणि नावाखाली दोन तारखा. जन्म एक जुलै. मृत्यू पाच एप्रिल. चंचलला अक्षरं लागायला लागली तेव्हा तिनं पुस्तकाआधी हे वाचलं होतं.

"बाबाचा आन् माझा एकच दिवस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. कोणी म्हटलं की अगं, तो तर गावातल्या कुत्र्यामांजरांचाही आहे, तर ती ऐकून घेत नसे. बाकीच्यांची तारीख गुरुजींनी दिलेली, आपली मात्र खरी, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कारण आईनं तसं सांगितलं होतं.

बुधरीनं सांगितलं होतं खरं. आणि ते खोटं होतं, हे कोसमटोल्यात दोनच बायांना माहीत होतं. एक ती स्वतः आणि दुसरी तिची मावशी ठमाबाई, जी आसपासच्या पाच-सहा गावांची सुईण होती.

खरं असं होतं. बुधरी तेव्हा सासरी होती, दिवस भरलेले होते, आणि मोहाचे दिवस चालू होते. मोह पहाटे गळतो. ऊन चढायच्या आत वेचला नाही तर गाईगुरं खाऊन जातात. त्यामुळे एवढं पोट घेऊनही बुधरी रोज टोपली घेऊन आपल्या झाडाखाली जायची. त्या पहाटे तिच्या कमरेत कळ आली. देवाजीनं तिच्या हातातली टोपली काढून घेतली, तू राह्य म्हणाला, आणि स्वतः गेला. झाडाखाली वाकून वेचणारं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असं जंगलखात्याचे लोक नंतर समजावून सांगत होते. त्यांचं बोलणं बरोबरच असेल. पण ते ऐकायला बुधरी शुद्धीवर नव्हती.

माणसांनी देवाजीला अंगणात आणलं तेव्हा आत पोर नुकतीच रडायला लागली होती. बाळंतपणासाठी मुद्दाम बोलावलेल्या ठमाबाईच्या हातात नाळ होती. अंगणात रडणं, घरात रडणं. त्यातच सासरच्या एका म्हातारीनं दारातून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, बापाले खाऊन आली पोरगी. बुधरीला दुःख व्हायला अजून वेळ होता, पण राग मात्र त्याच क्षणी आला, आणि तो आजवर गेलेला नाही. पोर मान धरायला लागली तशी ती तिला घेऊन माहेरी कोसमटोल्याला, आईबापामागे रिकाम्या पडलेल्या घरात आली. इथे लोकांना एवढंच माहीत होतं की तिच्या नवऱ्याला वाघानं नेलं. पोर तेव्हा किती मोठी होती, हे विचारायची कोणाला गरज नव्हती.

पुढे शाळेत नाव घालायची वेळ आली. चंचलचे हात लहानपणापासून लांब, त्यामुळे कान वेळेआधीच हाताला लागला, आणि सोमाजी गुरुजींनी एक जुलै लिहिली, तीही जन्माच्या आदल्या वर्षाची. शाळेतून घरी येता येता बुधरीनं हिशेब केला. या तारखेप्रमाणे देवाजी गेला तेव्हा पोर नऊ महिन्यांची होती. नऊ महिन्यांचा बाप पोरीला फुकट मिळाला होता. बुधरी रस्त्यातच थांबली आणि पदरानं तोंड झाकून रडली. मग तिनं ते नऊ महिने भरायला घेतले.

काय काय भरलं तिनं त्यात. बाबा तुला खांद्यावर बसवून हाटाला न्यायचा. तू त्याचे केस मुठीत धरायचीस. हाटात तो भजी घ्यायचा आणि तू मागितली की फुंकर घालून इवलासा तुकडा तुझ्या तोंडात द्यायचा. तुझ्या पायातले वाळे त्यानंच आणले. तुला तो टेंभरू म्हणायचा, टेंभुर्णीच्या फळासारखी गोल आणि पिवळी होतीस म्हणून. पोरीनं कधी विचारलं की खरंच का वो माय, तर बुधरी पेरसापेनची शपथ घ्यायची. देवाची खोटी शपथ घेताना तिला भीती वाटे, पण पोरीचं तोंड पाहिलं की भीती मागे पडायची. कोणत्या देवानं यावरून शिक्षा केली असती, तर त्या देवाशीच ती भांडली असती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शाळेत दीपिका मॅडम आल्या.

मॅडम मूळच्या भद्रावतीच्या, कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या, नागभीडला खोली घेऊन राहत आणि स्कूटीनं ये-जा करत. वाईट काहीच नव्हतं त्यांच्यात, उलट हौसच जास्त होती, आणि हौस असलेलं माणूस स्वस्थ बसत नाही. त्यांनी ग्रामपंचायतीच्या मागे लागून शाळेला भोंगा मिळवला आणि रोजचा परिपाठ त्यावरून घ्यायला सुरुवात केली. प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि दिनविशेष. आजच्या दिवशी जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, ते एक मूल फळ्यावर लिही आणि भोंग्यावर वाची. गावातल्या बाया भाकरी थापता थापता कुठल्या कुठल्या राजांची आणि शास्त्रज्ञांची मरणं ऐकत.

एक जुलैचा दिनविशेष चंचल वाचायची, हे ठरलेलंच होतं. मागच्या जुलैत तिनं कृषी दिन वाचला, डॉक्टर दिन वाचला, आणि त्या दिवशी ज्या डॉक्टरांचं नाव घेतात, ते बिधानचंद्र रॉय याच तारखेला जन्मले आणि याच तारखेला वारले, हेही वाचलं. तिला त्याचं फार नवल वाटलं. एकाच दिवशी दोन्ही कसं होतं, असं तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, वर्षात दिवस आहेत तरी किती, कुठे ना कुठे गाठ पडायचीच. चंचलनं घरी येऊन ही गंमत आईला सांगितली. बुधरी उठली आणि गाईला पाणी दाखवायला गेली.

या मार्चमध्ये मॅडमच्या हौसेला नवीन फांदी फुटली. सगळ्या शाळेची एकच जन्मतारीख म्हणजे काय, प्रत्येक मुलाला स्वतःचा दिवस पाहिजे. मुलांनी घरी विचारावं, आपण जन्मलो तेव्हा काय चाललं होतं, त्यावरून मॅडम तारीख शोधून देतील, आणि ज्याचा दिवस येईल त्याचं नाव दिनविशेषात मोठ्या माणसांच्या रांगेत वाचलं जाईल. पोरं हरखली. चंचलनं आधीच सांगून टाकलं की मला शोधायची गरज नाही, माझी तारीख खरीच आहे. बाकीची पोरं मात्र थेट ठमाबाईच्या ओसरीवर जाणार, हे उघड होतं, कारण त्यातल्या निम्म्यांना तिनंच या जगात ओढून काढलं होतं.

बुधरी त्याआधीच मावशीकडे जाऊन बसली. ठमाबाईनं तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला, सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाली की मी आजवर कोणाच्या घरातली गोष्ट कोणाच्या दारात नेली नाही. तिनं शब्द दिला, आणि पाळलाही. तिथेच घोळ झाला.

पोरं जमली, चंचलही मजा पाहायला गेली. ठमाबाईची आठवण पक्की. निकेश कधीचा? भारतानं वर्ल्डकप जिंकला त्या रात्रीचा, बाप बाहेर फटाके फोडत होता आणि आत मी एकटी ओरडत होते, दिवा धरा म्हणून. खुशबू? नोटा बंद झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची, दुकानदार गूळ द्यायला तयार नव्हता. एकाच्या वेळी नाल्यात बस फसली होती, एकीच्या वेळी अस्वल देवळात शिरलं होतं. पोरं हसून लोळत होती. मग कोणी तरी म्हणालं, आता चंचलचं सांग. ठमाबाईनं चंचलकडे पाहिलं, नजर वळवली, आणि पिशवीत खर्रा शोधू लागली.

"तुझं याद नाई बाप्पा," ती म्हणाली.

पोरं पुन्हा हसली. चंचल हसली नाही. ज्या बाईला पाच-सहा गावांची बाळंतपणं पाठ, तिला सख्ख्या बहिणीच्या लेकीचंच आठवत नाही, हे न पटण्याइतकी ती मोठी झाली होती.

दुपारी ती घरी आली तेव्हा बुधरी अंगणात वाळत घातलेला मोह हातानं परतत होती. चंचल तिच्या समोर उकिडवी बसली.

"माय, सगळ्यायचं याद हाये ठमा आजीले. माझंच काऊन नाई?"

बुधरीच्या मनात दोन-तीन उत्तरं आली. इतकी वर्षं तिनं हेच केलं होतं, आणखी एक रचणं जड नव्हतं. पण पोर डोळ्याला डोळा लावून बसली होती, आणि आज खोटं बोललं तर उद्या ही दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकेल, कोणत्या तरी म्हातारीच्या, त्याच शब्दांत, याची तिला धास्ती वाटली. म्हणून तिनं सांगितलं. कळ आली ती, टोपली घेतली ती, अंगणात आणलं ते. फक्त म्हातारीचं बोलणं गाळलं. तू आलीस म्हणून मी झाडाखाली गेले नाही, तू मला वाचवलंस, असंही ती म्हणाली. इतकी वर्षं हे वाक्य तिनं जपून ठेवलं होतं, कधी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून. चंचलनं ते ऐकलंच नाही. तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"मंग बाबानं मले पाह्यलंच नाई?"

"नाई."

"आन् हाटाले नेलं ते?"

बुधरीनं मान हलवली. वाळे? तेही मीच आणले, पहिल्या वर्षीच्या मोहाच्या पैशातून. चंचल बराच वेळ मोहाची फुलं एकेक करून सरळ रांगेत लावत बसली.

"टेंभरू कोन म्हने?"

"मीच म्हनो," बुधरी म्हणाली. "तुझं नाव त्याले कसं मालूम असन बाई."

मग तिला राहवलं नाही. तिच्याजवळ एक गोष्ट खरी होती. ती तिनं आजवर कोणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगितली असती तर बाकीचं सगळं खोटं ठरलं असतं. टोपली उचलून दाराबाहेर पडलेला देवाजी परत आत आला होता. त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला होता.

"म्हने, मी येतवरी थांब म्हना त्या लेकराले," बुधरीनं सांगितलं. "तुलेच बोलला तो. आखरीचं तेच बोलला."

चंचलनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच बुधरीला सोसवेना.

"हेबी तूच बनवलं असन," ती म्हणाली, उठली आणि घरात गेली.

बुधरी शपथ घेणार होती. पेरसापेनचं नाव ओठांवर आलंही होतं. पण भज्यांसाठी, वाळ्यांसाठी, खांद्यासाठी हीच शपथ तिनं खर्चून टाकली होती. आता खऱ्यासाठी तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

त्यानंतर पोरीनं तो विषय काढला नाही. शाळेत जाई, येई, सांगितलेलं काम करी. फोटोसमोरून जाताना मात्र वर पाहत नसे. चार-सहा दिवसांनी खुशबूच्या आईकडून बुधरीला कळलं की चंचलनं स्वतःच मॅडमना आपली तारीख पाच एप्रिल म्हणून सांगितली, आणि त्या दिवशीचा दिनविशेष तीच वाचणार आहे. बुधरीच्या जिवात जीव आला. पोरीनं दिवस आपला म्हटला, म्हणजे ती सावरली, असं तिनं धरलं. तांदूळ निवडून ठेवले, गूळ आणला. जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी ती पोरीसाठी खीर करणार होती.

पाच एप्रिलला पहाटे ती मोहाखाली होती. बाया आता एकट्या जात नाहीत, घोळक्यानं जातात आणि मोठमोठ्यानं बोलत वेचतात. शाळा सकाळची झाली होती. ऊन झाडांच्या शेंड्यावर आलं आणि भोंगा खरखरला, तशी बुधरी बायांना म्हणाली, जरा गप राहा, माझी पोरगी वाचून राह्यली. सगळ्या जणी हातातलं काम सोडून उभ्या राहिल्या.

चंचलचा आवाज स्वच्छ आला. आज पाच एप्रिल. आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. एकोणीसशे तीस साली आजच्या दिवशी महात्मा गांधी पदयात्रा करत दांडीला पोहोचले. मग ती जन्माकडे वळली. बाबू जगजीवन राम यांचा जन्म, एकोणीसशे आठ. इथे ती थांबली. बुधरीनं टोपली घट्ट धरली. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली, आणि पोरगी लाजली असेल, आता घेईल नाव, असं बुधरीला वाटलं.

"मृत्यू," चंचलनं वाचलं. "पंडिता रमाबाई, एकोणीसशे बावीस. श्री. देवाजी जंगू मडावी, दोन हजार बारा. हे माझे वडील होते."

त्यानंतर दुसऱ्या एका पोरानं सुविचार सांगायला सुरुवात केली. बाया बुधरीकडे पाहायचं टाळत पुन्हा वाकल्या. तीही वाकली. पहाटे गळलेली फुलं जमिनीवर तशीच पडली होती आणि ती एकेक उचलून टोपलीत टाकत राहिली, पण तिला काही दिसत नव्हतं. पोरीचा जन्म झाला होता. तिनं तो स्वतः सोसला होता. आणि आज एवढ्या मोठ्या भोंग्यावर त्या दिवशी फक्त एक मरण उरलं होतं.

दुपारी चंचल आली. बुधरीनं खीर वाढली. पोर खाली बसली आणि खाल्लीही, ताट लोटलं नाही. अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाली, आज काही नसते माय. माझं एक जुलैलेच करजो.

बुधरीनं बरं म्हटलं. फोटोतला देवाजी निळ्या तळ्याकाठी उभा राहून दोघींकडे पाहत होता. चंचलनं वाटी खाली ठेवली, आईच्या जवळ सरकली आणि लहानपणी झोपायची तशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच अंगाला बिलगली होती.

"बाबा मले हाटाले नेत होता, ते सांग."

बुधरीला कळेना काय करावं. पोरीला सगळं ठाऊक झालं होतं, मग ही काय मागतेय. पण मग तिच्या मनात आलं की हाट तर खराच होता. दर आठवड्याला दोघं जायची, पोटात ही होती, देवाजी तिच्या हातात वजन म्हणून काही घेऊ देत नसे. हे सांगावं. हे तर खरं आहे.

"हाटाचा दिवस होता," ती सांगू लागली. "तू माह्या पोटात होती. बाबानं माह्या हातचं टोपलं घेतलं, आन्..."

"नाई," चंचल म्हणाली. तिनं डोळे मिटलेले होते. "खांद्यावर सांग."

बुधरीचा हात पोरीच्या केसांत थांबला. त्या एका पहाटेची गोष्ट, पोटावरचा हात, थांब म्हना त्या लेकराले, ती घशाशी येऊन राहिली. ती कोणी मागितली नव्हती, आणि आता कोणी मागणारही नव्हतं. तिनं ती गिळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाबानं तुला खांद्यावर घेतलं. तू त्याचे केस मुठीत धरले. रस्त्यानं लोक विचारत, देवाजी भाऊ, कोणाची हो पोरगी, आणि तो सांगे, माझी. बांगड्यांच्या दुकानापाशी तू हात पुढे केलास. मग ऊन फार झालं म्हणून त्यानं आपला दुपट्टा तुझ्या डोक्यावर टाकला आणि तुम्ही घरी यायला निघालात.

"भजे इसरली तू," चंचल डोळे न उघडता म्हणाली.

बुधरी पुन्हा मागे गेली, हाटात शिरली, आणि तिनं भजी घेतली.